जुन्या कापडांचं पिंप

नोकरी संपल्यावर माणसानं काय करावं याचे सल्ले द्यायला सगळे तयार असतात. मला कुणी देवाचं करायला सांगितलं, कुणी योगासनं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला कचरा दिला.

तसं त्यांचं काही चुकलं नव्हतं. इंदापूरच्या पोस्टात माझी सगळी नोकरी टपाल वेगळं करण्यात गेली. बारामतीहून सकाळची एसटी धरायची, पोचलं की पिशव्या मोकळ्या करायच्या आणि गावागावाच्या कप्प्यात टपाल टाकायचं. भवानीनगर इकडे, वालचंदनगर तिकडे, डाळज त्या खालच्या कोपऱ्यात. झोप येत नसली की मी अजूनही डोळे मिटून कप्पे भरते. चार-पाच गावं होईपर्यंत डोळा लागलेला असतो. त्यामुळे घंटागाडीनं मिसळलेला कचरा घेणं बंद केलं आणि सोसायटीची मीटिंग भरली, तेव्हा आपोआप सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी नाही म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला, पण तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही. लगेच हो म्हटलं की लोक काम फुकटचं समजतात.

पार्किंगच्या मागच्या बाजूला लिंबाचं झाड आहे. त्याच्याखाली पत्र्याची शेड टाकून घेतली आणि निळी पिंपं मांडली. एक कागदाचं, एक प्लास्टिकचं, एक काच आणि पत्र्याचं. ओल्या कचऱ्यासाठी भिंतीलगत खड्डा केला. माझी समजूत अशी होती, की आता लोकांना कचरा वेगळा करायला शिकवावं लागेल. मी घरोघर जायला निघाले, आणि पहिल्याच मजल्यावर माझा शिकवण्याचा उत्साह जिरला.

प्रत्येक घरात सगळं आधीच वेगळं केलेलं होतं. दुधाच्या पिशव्या धुऊन बाल्कनीच्या जाळीला चिमटे लावून वाळत होत्या. रद्दी पलंगाखाली होती. उरलेली भाकरी गेटला पिशवीत टांगायची आणि एका तांबड्या गाईनं ती येऊन खायची, हे तर माझ्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षं चाललेलं होतं. ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात भाकरी टाकायला एकही बाई कबूल होईना. सालं टाकू, चहाचा चोथा टाकू, पण भाकरी मातीत घालायची म्हणजे काय, असं त्या मला विचारायच्या आणि मला उत्तर सुचायचं नाही, कारण मीही घालत नव्हते.

जुन्या कपड्यांचं विचारलं तर पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी मला सरळ स्वयंपाकघरात नेलं. "ही कढई दिसतेय ना, हा माझा लग्नातला शालू," म्हणाल्या. "आणि ते पातेलं म्हणजे साहेबांचे सफारी." भांडीवाली यायची, जुने कपडे घ्यायची आणि भांडं द्यायची. आता वॉचमन तिला गेटच्या आत सोडत नाही, म्हणून कपडे साठून राहिले होते आणि बाई त्याच्यावर चिडलेल्या होत्या. ते पाहून मी कापडाचं चौथं पिंप मांडलं. भिगवणच्या बाजूला बायकांचा एक गट जुन्या सुती कपड्यांच्या पिशव्या शिवायचा. त्यांचा टेम्पो महिन्याकाठी येऊन गठ्ठा घेऊन जाईल असं ठरलं. बाकीची पिंपं भरायला वेळ लागला, पण हे पिंप बघता बघता भरलं.

मी दुपारी जेवून खाली जायची. शेडमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून एकेक पिंप बघायचं, चुकून पडलेलं इकडचं तिकडे करायचं, आणि मग कपडे घेऊन बसायचं. तेव्हा गळीत हंगाम सुरू झालेला होता. वारा त्या बाजूनं आला की कारखान्याचा गोडसर, आंबूस वास यायचा, बरोबर काळी बारीक काजळी यायची आणि पांढऱ्या गाड्यांवर बसायची. गाडीवाले कुरकुरायचे. मी भवानीनगरच्या कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली, मला त्या वासानं झोप येते. लहानपणी सगळा हिवाळा आम्ही त्याच वासात झोपायचो. तर त्या खुर्चीत बसल्या बसल्या माझे डोळे मिटायचे. मांडीवर कुणाची तरी ओढणी, कुणाचा शर्ट. कॅनॉलकडून गार झुळूक यायची, लिंबाची पानं पत्र्यावर पडायची, आणि मला कळायचं नाही की मी जागी आहे की नाही.

कपड्यांना माणसांचे वास असतात. धुतले तरी राहतात. तळमजल्यावरच्या घराला हिंगाचा, सेक्रेटरींच्या शर्टाला कसल्याशा बामचा. बिल्डिंगमध्ये जी माणसं लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघतही नाहीत, त्यांचे कपडे त्या पिंपात एकमेकांच्या गळ्यात पडून निजलेले असायचे. मी ते उलगडायची, पुन्हा घडी करायची आणि गुंगीत जायची. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

अशाच एका दुपारी मला दिसलं की शर्टाच्या पाठीतून एक तुकडा कापून घेतलेला आहे. तळहाताएवढा, नीट चौकोनी. उंदराचं काम नव्हे ते. दुसरा कपडा काढला, त्यालाही तसाच चौकोन. एका फ्रॉकच्या घेरातून, एका गाऊनच्या बाहीखालून, शाळेच्या गणवेशातून. प्रत्येक घरच्या एकाच कपड्याला भोक, बाकीच्यांना हातही लावलेला नाही. कापणाऱ्याला कुठला कपडा कुणाच्या घरचा हे पक्कं ठाऊक होतं. आता हे कुणाचं काम असावं याचा मी विचार करायला लागले, आणि विचार करता करता माझा डोळा लागला.

जाग आली ती कात्रीच्या आवाजानं. पूर्ण जाग नव्हतीच ती. डोळ्यांच्या फटीतून मला चाची दिसल्या.

चाची आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मूळचं घर डाळजचं, मुलाचं इथं हार्डवेअरचं दुकान आहे, सून इंदापूरकडची, शाळेत शिकवते. वयानं सगळ्यांत मोठ्या म्हणून अख्खी बिल्डिंग त्यांना चाचीच म्हणते. त्या पिंपाजवळ उकिडव्या बसल्या होत्या. गुडघ्यावर एक कपडा पसरला होता, वर तळहात ठेवून माप घेतलं, कापला, आणि तो तुकडा त्यांनी डोळ्यांना लावला. मग कमरेच्या पिशवीत ठेवला आणि उरलेल्या कपड्याची अगदी व्यवस्थित घडी करून तो परत पिंपात टाकला. मी हलले नाही. मी जागी आहे हे त्यांना कळलं असतं तर त्यांचं काय झालं असतं ते मला लगेच समजलं, कारण त्या काय करत होत्या ते मी लहानपणी पाहिलेलं होतं.

आमच्या कॉलनीत एका बाईची बाळं टिकत नव्हती. पुन्हा दिवस गेले तेव्हा माझी आई आणि शेजारच्या बायका घरोघर जाऊन कापडाचा एकेक तुकडा मागून आल्या. त्याचं बाळाला पांघरूण शिवायचं. मागून आणलेल्या चिंध्यांत गुंडाळलेलं लेकरू मरणाच्या नजरेला येत नाही, ते सगळ्यांचं होतं, असं त्या म्हणायच्या. तुकडा मागायचाच, विकत घ्यायचा नाही. आणि तो द्यायचा लेकुरवाळीनं, जिच्या घरात मुलं खेळताहेत तिनं.

चाचींच्या सुनेचं दोनदा झालं होतं. पहिल्या वेळेला दिवस भरत आले होते, सगळ्या बिल्डिंगला बातमी होती, बायकांनी डिंकाचे लाडू नेऊन दिले होते, आणि हॉस्पिटलमधून ती रिकामी परत आली. दुसऱ्या वेळेला बाळ घरी आलं. गच्चीत दोरीवर झबली वाळताना मी पाहिली, आणि काही दिवसांनी दोरी मोकळी होती. त्यानंतर एकदा जिन्यात ती मला भेटली. मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाली, "काकू, आता पुन्हा झालं तरी मी कुणाला सांगणार नाही. बाळ हातात येईपर्यंत कुणालाच नाही. आणि अम्मींनाही सांगून ठेवलंय, आता दारोदार फिरून काही मागायचं नाही. लोकांच्या दारात माझा विषय नको."

म्हणजे आता तिला दिवस गेले होते. ती कुणाला सांगत नव्हती आणि चाचींना दारोदार जाता येत नव्हतं. पण खाली निळ्या पिंपात प्रत्येक घरचं कापड आपणहून येऊन पडत होतं. माझ्या पिंपाचा असा उपयोग मी काही मीटिंगमध्ये सांगितला नव्हता. मी डोळे घट्ट मिटून घेतले, आणि चाची लिफ्टनं वर जाईपर्यंत उघडले नाहीत.

मग मी पिंपात हात घालून माझी साडी शोधली. मलईच्या रंगाची, बारीक हिरव्या काठाची सुती साडी. नोकरीच्या दिवसांत इंदापूरच्या बाजारात घेतली होती आणि धुऊन धुऊन ती इतकी मऊ झाली होती, की नेसली तरी अंगावर आहे हे कळायचं नाही. काठाला विरली म्हणून दोन-तीन आठवड्यांपूर्वी मीच ती पिंपात टाकली होती. आमच्या घरचा तेवढा एकच कपडा त्यात होता. मी ती सगळी उलगडून पाहिली. दोनदा पाहिली. ती अखंड होती.

मला मूल नाही. हे मी आता हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलते, कारण लोकांना त्याचा फार त्रास होतो आणि मला तो बघवत नाही. ओटी भरायला बायकांना हाका मारतात तेव्हा माझ्याजवळ आल्या की त्यांचा आवाज जरा खाली येतो. बारशाला मला बोलावतात, पण पाळण्याची दोरी कुणी हातात देत नाही. कुणी वाईट वागत नाही, म्हणून तर भांडताही येत नाही. एवढ्या वर्षांत मी त्याला सरावले होते, किंवा सरावले आहे असं मला वाटत होतं. त्या दुपारी ती अखंड साडी मांडीवर घेऊन मी बसले आणि मला चाचींचा इतका राग आला, की कानशिलं गरम झाली. सेक्रेटरींच्या बायकोचं चालतं, ती तर कुणाला पाणी विचारत नाही. माझं तेवढं चालत नाही. मी साडी पिंपात कोंबली आणि वर येऊन भाजीवर राग काढला. आमचे हे मुकाट्यानं जेवले.

पुढच्या महिन्यात टेम्पो आला आणि गठ्ठा घेऊन गेला. मी माझी साडी त्याच्यात जाऊ दिली नाही. का ते माझं मलाच कळलं नाही. ती शेडमध्ये खुंटीला टांगली. चार दिवसांनी टेम्पो परत आला आणि गठ्ठा आमच्या गेटवर टाकून गेला. पिशव्या शिवणाऱ्या बायकांचा निरोप होता, की मधोमध भोकं पाडलेल्या कपड्यांचं आम्ही काय करायचं.

मग काय, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर उधाण आलं. कुणी भोक पडलेल्या शर्टाचा फोटो टाकला, कुणी लिहिलं की हा करणीचा प्रकार दिसतो. झालं, तो शब्द आल्यावर सगळ्यांना आपापल्या घरातली दुखणी आठवली. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग ठेवली. सेक्रेटरी कारखान्यातून रिटायर झालेले, स्वभावानं भले, पण त्यांनी त्याच वर्षी कॅमेरे बसवून घेतले होते आणि ते अजून कशाच्याच उपयोगी पडले नव्हते.

"पार्किंगच्या कॅमेऱ्याचं फुटेज काढू," ते म्हणाले. "मोठ्या टीव्हीवर लावू, सगळ्यांसमोर. म्हणजे प्रश्नच मिटला."

चाची जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. सून मागे खांबाजवळ उभी होती, सैल कुडता, त्यावर पसरलेली ओढणी, आणि ओढणीखाली दोन्ही हात पोटाशी धरलेले. मला ते हात दिसले. टीव्हीवर सासू दिसणार, मग का म्हणून विचारणं होणार, आणि जे ती जिवाच्या करारानं लपवत होती ते असल्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींच्या तोंडून बाहेर येणार. करणीचा शब्द तर आधीच हवेत होता. तो तिच्या पोटातल्या बाळाला चिकटला असता. राग होता माझा, अजून होता, पण तो मला त्या क्षणी सापडेना.

"फुटेज कशाला," मी म्हणाले. "मीच कापलेत."

"तुम्ही?" सेक्रेटरी म्हणाले.

"नमुने घेतले. सुती कुठलं, टेरिकॉट कुठलं, बघायला नको? गठ्ठा तसाच पाठवायचा का?"

"प्रत्येक घरचे?"

"मग काय, एका घराचे घेऊन दुसऱ्याचं कसं कळणार."

सेक्रेटरींसमोर कुणी ठासून बोललं की त्यांना ते पटतं, हा त्यांचा मोठा गुण आहे. पण पहिल्या मजल्यावरच्या बाई, ज्यांच्या कढईचं मी मघाशी सांगितलं, त्यांची नजर शेडकडे गेली. खुंटीवर माझी साडी लोंबत होती. त्यांनी ती काढली, पसरून धरली, आणि सगळ्यांना दाखवली.

"तुमच्या साडीचा नाही घेतलात नमुना?"

"माझी साडी सुती आहे हे मला माहीत आहे," मी म्हणाले.

लोक हसले. करणीचं सगळे विसरले, म्हाताऱ्या बाईंना रिटायर झाल्यापासून वेळ जात नाही यावर एकमत झालं. कापडाचं पिंप बंद करायचं ठरलं आणि तो परत आलेला गठ्ठा माझा मी निस्तरावा असाही ठराव झाला. वॉचमननं तो माझ्या घरात आणून टाकला, वर ती साडी. आमच्या ह्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कॅनॉलवर फिरायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाची आल्या. दार उघडंच होतं. आत येऊन जमिनीवर बसल्या, खुर्ची दिली तर नको म्हणाल्या.

"बाई, तुमी खोटं बोललात."

"बोलले."

"माज्यापायी."

मी पाणी दिलं. मग विचारलं, "झाली का शिवून?"

"वरलं झालंय. खालचं ऱ्हायलंय." त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं. "खालचं कापड अख्खं लागतं. पोराच्या अंगाला शिवण टोचू ने. तुमची ही साडी मी पयल्या दिसापासनं बघून ठिवली हुती. तुकडा घेतला तर त्ये मागणं झालं. अख्खी साडी न इचारता घेतली तर चोरी व्हती."

"मग विचारायचं होतंत."

"तुमास्नी कसं इचारू? धीर हुईना."

त्यांना धीर का होत नव्हता ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. पण माझा स्वभाव असा, की गाठ असली की मला ती सोडून बघावीच लागते. मी म्हणाले, "चाची, मला मूल नाही. हे कापड लेकुरवाळीचं लागतं ना? तुमच्या नातवंडाच्या अंगाला माझीच साडी लागणार. उद्या काही कमीजास्त झालं तर तुमच्या मनात येईल, आणि माझ्याही."

चाचींनी साडीचा काठ बोटांत चोळून पाहिला.

"मागल्या दोन्ही येळंला लेकुरवाळ्यांचंच घेतलं हुतं," त्या म्हणाल्या. "डाळजमंदी घरोघर हिंडून. काय झालं त्ये तुमी बघितलंय." मग म्हणाल्या, "त्यांची माया त्यांच्या पोरांत वाटून गेलेली असती, बाई. उरलीसुरली कापडात येती. तुमची कुनी घेतलीच न्हाय. तुमची समदी शिल्लक हाय."

आजवर लोकांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. एक, देवाच्या मनात नव्हतं. दुसरी, बरं झालं, मोकळ्या आहात. ही तिसरी गोष्ट मला कुणी कधी सांगितली नव्हती. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा चाची साडीची मापं घेत होत्या, काही झालंच नाही अशा.

गोधडी आमच्याकडेच शिवायची ठरली, कारण खाली सुनेला दिसली असती. ती शाळेत गेली की चाची वर यायच्या. आम्ही आतल्या खोलीत सतरंजीवर ती पसरायचो, दोन बाजूंनी दोघी बसायचो आणि कडेपासून आत टाके घालत जायचो. मला शिवण येत नव्हतं. चाची माझे टाके उसवायच्या नाहीत, नुसत्या शेजारून आपला सरळ दोरा घालत जायच्या. बोलणं फार नसायचं. खिडकीतून ऊन यायचं आणि हळूहळू तुकड्यांवरून सरकत जायचं, सेक्रेटरींच्या चौकड्यांवरून गणवेशाच्या निळ्यावर, तिथून कुणाच्या तरी गाऊनच्या फुलांवर. चाचींची मान पुढे झुकायची, सुई हातात तशीच राहायची. मीही तिथंच आडवी व्हायची, पाय गोधडीखाली. एकदा स्वप्नात पाहिलं की बिल्डिंगच्या भिंतीच नाहीत. सगळी घरं एका मोठ्या दुपारीत शेजारी शेजारी निजलेली आहेत आणि मधून एका ओळीनं टाके चाललेले आहेत. जागी झाले तेव्हा चाची चहा करत होत्या, माझ्या घरात, माझ्या ओट्यावर, आणि मला ते अगदी रोजचं वाटलं.

सुनेचं पुढे दिसायला लागलं. ते किती दिवस लपणार. पण जी बिल्डिंग एकमेकांच्या घरात भाजी काय आहे ते विचारते, तिनं तिला एका शब्दानं विचारलं नाही. लिफ्टमध्ये लोक तिच्यासाठी जागा करायचे आणि दुसरीकडे बघायचे. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी तिच्यासमोर मला मुद्दाम पावसापाण्याचं विचारलं. माणसांना नको तिथं बोलायची खोड असते, तशी कधी कधी न बोलायची अक्कलही असते, आणि ती एवढ्या जणांना एकाच वेळी सुचली याचं मला अजून नवल वाटतं.

गोधडी पुरी झाली तेव्हा चाचींनी ती खाली नेली नाही. "तुमच्या कपाटात ठिवा," म्हणाल्या. "बोलावलं तर घिऊन या." न बोलावलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

हॉस्पिटलला ती पहाटेच गेली, हे मला वॉचमनकडून कळलं. सकाळ गेली. मी स्वयंपाक केला, तो कुणी जेवलं नाही. दुपारी रोजच्या वेळेला मी आतल्या खोलीत गेले, सतरंजी अंथरली आणि तिच्यावर नुसती बसले. झोप येईना. गावांचे कप्पे भरायला घेतले तर एकही गाव आठवेना. दोन वेळा मी उठून कपाट उघडलं आणि गोधडीला हात न लावता बंद केलं. हे बाहेर हातात फोन घेऊन बसले होते, जणू तो वाजवणं त्यांच्याच हाती होतं. मी देवाला काही मागत नाही, माझं आणि त्याचं फारसं जमत नाही. त्या दिवशी मागितलं. बाळ राहू दे एवढंच मागितलं, आणि मग, खोटं कशाला बोलू, माझ्या साडीला बोल लागू देऊ नकोस, असंही मागितलं.

फोन वाजला. ह्यांनी तो माझ्या हातात दिला. चाचींचा आवाज नव्हता, सुनेचा होता. दमलेला आणि अगदी शांत.

"काकू, मुलगी झाली. अम्मींना बोलता येत नाहीये, नुसत्या रडतायत. म्हणून मीच केला फोन."

"कशी आहे?"

"चांगली आहे. डॉक्टर म्हणाले, छान आहे. रडते आहे सारखी." मागून तो आवाज येत होता, बारीक आणि रागीट. "काकू, गोधडी आणताय ना?"

"कुठली गोधडी?" मी म्हणाले. इतके महिने लपवण्याची सवय झालेली.

ती हसली. "मीटिंगमध्ये ती तुमची अख्खी साडी दाखवली ना, तेव्हाच मला कळलं सगळं. मागच्या दोन्ही गोधड्यांना अम्मींनी तसंच अखंड कापड शोधलं होतं. मी अम्मींना नको म्हणून बसले होते, मग मागे फिरता येईना. पण रोज शाळेतून आले की त्यांच्या बोटाला सुई टोचलेली दिसायची, आणि मला बरं वाटायचं." थोडा वेळ फक्त बाळ रडत राहिलं. "या लवकर. तुमची साडी आतल्या बाजूला येऊ द्या."

ह्यांनी स्कूटर काढली. मी साडीची बाजू आत घालून गोधडी गुंडाळली, छातीशी धरली आणि मागे बसले. वाऱ्यानं ती उघडू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरावी लागत होती. सिग्नलला आम्ही थांबलो तर शेजारच्या गाडीवर माझ्या पोस्टातली जुनी मैत्रीण. तिनं माझ्याकडे पाहिलं, हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"कुणाचं गं?" तिनं विचारलं.

आत अजून कुणी नाही हे मी तिला सांगायला हवं होतं.

"आमच्या बिल्डिंगचं," मी म्हणाले, आणि सिग्नल सुटला.